मुसाफरास जा म्हणू नये

१

बापूलाल शिकलगारला अल्लाच्या घरचं काम मिळालं होतं आणि त्याला त्याची ना नव्हती. पण अल्लाच्या घरचं काम करणाऱ्यालाही पाय असतात आणि ते दुखतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे. सकाळी सातला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायला उभं राहायचं, तीनला सुटायचं, बसच्या दांडीला लोंबकळत कोल्हापूर गाठायचं, आणि घरी पाठ टेकायच्या आधी शनिवार पेठेतल्या अमीनाबीच्या मुसाफिरखान्याचं कुलूप काढायचं. अंगण झाडायचं, पाणी भरायचं, असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज तिथल्याच व्हरांड्यात पढायची आणि परत कुलूप. चौऱ्याण्णव साली वडील गेले, तेव्हापासून हे सुरू होतं. आता दोन हजार तीनचा मे तापला होता.

अमीनाबी ही गावोगाव बांगड्या विकत फिरलेली बाई. एका गावात तिला रात्री कुणी ओसरीवर टेकू दिलं नाही, हाकलून काढलं. म्हातारपणी चार पैसे गाठीला आले तेव्हा तिनं ही जागा मुसाफरांसाठी वक्फ केली. वक्फ म्हणजे जागा अल्लाच्या नावे झाली. मग ती विकता येत नाही, कुणाला बक्षीस देता येत नाही, पोराबाळांत वाटता येत नाही. माणसानं नुसती राखायची. राखणाऱ्याला मुतवल्ली म्हणतात आणि तो मान शिकलगारांच्या घरात बापाकडून लेकाकडं येत राहिला. मान म्हणायचा, एरवी सगळी हमालीच.

रस्त्याच्या अंगाला बसलिंगाप्पाचं काथ्या-दोरीचं दुकान. त्याच्या बाजूच्या बोळातून आत गेलं की फरशीचं अंगण, व्हरांडा आणि ओळीनं चार खोल्या. बोळाच्या तोंडावरच्या दगडात अमीनाबीनं घातलेली एकच अट कोरलेली होती. वर उर्दूत आणि खाली बाळबोध अक्षरात: मुसाफरास जा म्हणू नये.

म्हणायला आता मुसाफर होता कुठं? स्टँडजवळ लॉज झाले, तिथं फिरते पंखे आले, आणि अमीनाबीच्या खोल्यांत पालींनी संसार थाटले. म्हणून बापूलालनं डोकं चालवलं. गारगोटी, राधानगरी, चंदगडकडच्या मुसलमान मुली कॉलेजला कोल्हापुरात येतात आणि राहायला जागा नाही म्हणून परत जाऊन लग्न करून बसतात. शिकायला परगावाहून आलेली पोर म्हणजे मुसाफरच की. तिला खोली दिली तर अमीनाबीची अट पाळल्यासारखीच होते. मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्याला कचेऱ्यांत फार हाल सोसावे लागतात. कोणत्या कचेरीत किती हेलपाटे झाले ते इथं सांगत नाही, नाहीतर ही गोष्ट तिथंच संपेल. नऊ वर्षांनी परवानगी आली, तीही अशी की जून उजाडेपर्यंत चारही खोल्या वापरात दिसल्या पाहिजेत, नाहीतर परवानगी रद्द.

पहिल्या तीन खोल्या लांबच्या मुलींना दिल्या. चौथीत बापूलालची भाची तबस्सुम राहणार होती. मुतवल्लीनं आपलं माणूस आधी घुसवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिचा नंबर शेवटी. पोर बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. ती सध्या बापूलालच्या दीड खोलीच्या घरात, त्या अर्ध्या खोलीत राहत होती. पण पुढल्या महिन्यात बापूलालच्या मुलाचं, इरशादचं लग्न होतं आणि ती अर्धी खोली नव्या सुनेला लागणार होती. तबस्सुमच्या बापानं, गौसदाजींनी, सरळ सांगितलं होतं. जागा असेल तर शिकू दे, नसेल तर कागलचं स्थळ तयार आहे. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं चौथ्या खोलीवर.

२

चौथी खोली वडिलांनी कधी उघडली नाही. तिच्या उंबऱ्यावर रोज तांब्याभर पाणी ठेवायचे आणि कुणी खोली मागितली तर म्हणायचे, “आत मुसाफर हाय.” कुणी घुसून बळकावू नये म्हणून अब्बा असं सांगतात, अशी बापूलालची समजूत. अब्बा गेल्यावर तांब्या त्यानं चालू ठेवला, तो श्रद्धेनं नव्हे, सवयीनं. दुसऱ्या दिवशी तो रिकामा सापडायचा. ऊन रणरणतं, चिमण्या उदंड. त्यात काय विचार करायचा?

त्या दिवशी असर पढून तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. डोक्यात रंगाऱ्याचा हिशोब चालू होता. तेवढ्यात भिंतीपलीकडं, चौथ्या खोलीत, कट्ट असा आवाज झाला.

म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वाजतो तसा. सजद्याला, कपाळ जमिनीला टेकायला, वाकताना बापूलालचाही वाजायचा, म्हणून त्यानं आधी स्वतःच्याच गुडघ्याकडं बघितलं. तो लांब पसरलेला होता. मग थोड्या वेळानं पुन्हा कट्ट. मग काही नाही.

बापूलालचा जन्म लाकडात गेला होता. उन्हाळ्यात सागाची तुळई तडकते, दाराची चौकट कुरकुरते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो उठला आणि घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बसला. कट्ट. मध्ये पढताना लागतो तेवढा वेळ. कट्ट. मग शांतता आणि त्या शांततेत, कान देऊन ऐकलं तरच कळेल असा, नमाज संपताना मान आधी उजवीकडं, मग डावीकडं वळवून सलाम फिरवतात तसा पुटपुटता आवाज. एकदा, आणि दुसऱ्यांदा.

असरचे फर्ज, म्हणजे सक्तीचे, चार रकात; उभं राहून पढून सजदा केला की एक रकात आणि गुडघ्याचा एक कट्ट. हे दोनच होते. घरी असलेला माणूस चार पढतो. दोनवर थांबतो तो प्रवासातला माणूस. त्या सवलतीला कसर म्हणतात, हे कुठल्याही मुसलमान पोराला माहीत असतं. बापूलालला स्वतःचाच राग आला. तुळईला काय ठाऊक चार की दोन?

त्यानं कुलूप काढलं. गंज एवढा की किल्ली फिरवताना बोटं सोलली. आत चारी भिंती, बंद खिडकी, शहाबादी फरशीवर बोटभर धूळ. पश्चिमेच्या भिंतीसमोर मात्र एका जानमाजएवढ्या, नमाजेच्या चटईएवढ्या जागेत धूळ नव्हती. तिथली फरशी दोन ठिकाणी खोलगट होती, गुडघे टेकतात तिथं. बापूलालनं दार ओढून घेतलं. फरशी जुनी आहे, तो स्वतःला म्हणाला, जुनी फरशी झिजते.

३

बसलिंगाप्पा सत्तरी ओलांडलेला. त्याच्या आज्यापासून दुकान ह्याच जागेत. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बापूलालच्या दोन पिढ्यांशी भांडण्याचा अनुभव.

“तात्या,” बापूलाल सुतळीच्या बिंडग्यावर बसत म्हणाला, “चार नंबरात कधी कोण राहात हुतं?”

“हुतं न्हवं, हाय म्हण,” बसलिंगाप्पा तराजू पुसत राहिला. “तुझा आजा जित्ता असल्यापासनं आइकतोय. एक पावणं आलं. कवा निगणार म्हणून इचारलं की म्हणायचं, उद्या. रोज उद्या. तुज्या आज्यानं मग इचारायचंच सोडलं.”

“मग गेलं कवा?”

“गेल्यालं कुणी बगितलं न्हाय बाबा. आल्यालं बी कुणी बगितलं न्हाय.”

“तुम्ही आइकलंय आवाज?”

“माझं दुकान पुढं हाय. मागचं तुझं तू बघ.” म्हातारा एवढं बोलून गिऱ्हाईकाकडं वळला.

बापूलालचं डोकं सणकलं. नऊ वर्षं झिजून परवानगी आणावी आणि ती कुणा उद्या-उद्या करणाऱ्यापायी घालवावी? तो ताडकन उठला. “जातो मी.”

“ए शिकलगार,” बसलिंगाप्पानं मागनं हटकलं, “दुकानातनं निगताना जातो म्हणू ने. येतो म्हणावं. बानं शिकवलं न्हाय व्हय?”

“येतो, येतो.”

“हां. या आता.”

४

गुंडू रंगारी कामाला बरा होता, तोंडाला वाईट. तीन खोल्या त्यानं चुन्यानं पांढऱ्याशुभ्र केल्या. चौथीचं दार तेवढं तसंच राहिलं. बापूलाल फौंड्रीतून आला की गुंडू अंगणात विडी ओढत बसलेला.

“का रं, चौथी?”

“पावणं नमाजात हायती की. झाली की करतो.”

बापूलालच्या हातातला डबा तसाच राहिला. “कोण पावणं?”

“आता मला काय ठावं? तुमचंच असतील. दार लोटलं तर पाठ दिसली. म्हटलं कशाला मधी तडमडायचं? देवाचं काम चाललंय.”

“दाराला कुलूप हाय गुंडू.”

“मला तर उगडंच गावलं.” गुंडूनं विडी विझवली. “काल बी तसंच. परवा बी. रोज ह्या वक्ताला पढत्यात. माणूस शिस्तीचं दिसतंय.”

“आणि सकाळी काय करतोस? सकाळी का रंगवत न्हाईस?”

“सकाळी तिकडं जाऊ वाटत न्हाय,” गुंडू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं बापूलालच्या नजरेला नजर दिली नाही.

बापूलालनं त्याला लाखोली वाहिली. कामचोर म्हणाला, दारुडा म्हणाला, पैसे बुडवीन म्हणाला. गुंडूनं सगळं ऐकून घेतलं, बादली धुतली, ब्रश धुतला आणि येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. चुना बापूलालनं स्वतः लावायला घेतला. एका रविवारी भर सकाळी आत शिरला आणि पूर्वेची भिंत अर्धी झाली तोवर त्याचा ब्रश थांबला. खोलीत कुणी नव्हतं. पण कुणी नसलेल्या खोलीत माणूस जसा मोकळा वावरतो, तसा त्याला वावरता येईना. पश्चिमेच्या भिंतीसमोरून जायची वेळ आली की त्याचे पाय आपोआप वळसा घालून जात. नमाजीच्या पुढून कुणी जात नाही ना, तसे.

भिंत अर्धीच राहिली. मे सरत आला होता.

५

पेशइमामाला त्यानं आडून विचारलं. मशिदीच्या हौदावर पाय सोडून दोघं बसले होते.

“एखादा मुसाफर किती दिवस मुसाफर असतो?”

“पंधरा दिवस राहायची नियत केली की तो मुकीम, मुक्कामाचा माणूस. मग पुरे चार पढायचे.”

“आणि नियतच केली न्हाय तर? रोज म्हणतो उद्या निगणार?”

“तर मग वर्षं गेली तरी मुसाफरच.” पेशइमाम हसला. “असे लोक होऊन गेलेत. बर्फात अडकले, महिनोन्महिने कसरच पढले.”

“आणि वक्फाच्या जागेत असा कोण बसला तर? शर्त हाय, मुसाफराला जा म्हणायचं न्हाय.”

“वक्फ करणाऱ्याची शर्त म्हणजे शरियतच्या हुकमासारखी, बापूभाई. लफ्ज न लफ्ज पाळायची. हजरत उमरनी खैबरची जमीन दिली तेव्हापासून हेच आहे, मूळ अडवून धरायचं आणि फळ वाटायचं. वक्फ शब्दाचा माइनाच तो, थांबवणं. कुराण पढताना कुठं थांबायचं त्या खुणेला पण वक्फच म्हणतात.” मग त्यानं बापूलालकडं निरखून बघितलं. “मुकीम झाला तर मात्र मुसाफरीची शर्त त्याला लागू नाही. मग सांगता येईल. कोण बसलंय?”

“कोण न्हाय,” बापूलाल म्हणाला.

परतताना त्याच्या मनात एकच शब्द घोळत होता. लफ्ज न लफ्ज. शब्द न शब्द. ‘जा’ म्हणायचं नाही एवढंच ना? मग ‘जा’ न म्हणता माणसाला वाटेला लावायला मराठी मुलखात काय अडचण आहे? आपण रोज लावतोच की. त्याला स्वतःच्याच हुशारीचं हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आलं होतं ते.

६

मेच्या शेवटच्या दिवशी गौसदाजींचा निरोप आला. उद्या येतो, खोली बघतो, पटलं तर पोर ठेवतो, नाहीतर घेऊन जातो. तबस्सुमनं ट्रंक भरून ठेवली होती. ती कुठल्या घरी जाणार हे ट्रंकेला माहीत नव्हतं आणि पोरीलाही. “मामू, खोली झाली न्हवं?” एवढंच तिनं विचारलं. बापूलाल “झाली” म्हणाला आणि मुसाफिरखान्याकडं निघाला.

असरची बांग झाली. तो व्हरांड्यात पढला नाही. चौथ्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. कुलूप उघडंच होतं. दार ढकलायचा धीर झाला नाही. ते बोटभर उघडं होतं तेवढंच राहू दिलं. कट्ट. तो थांबला. कट्ट. सलाम फिरला.

“सलाम वालेकुम,” बापूलाल म्हणाला. उत्तर आलं नाही. आतली शांतता मात्र बदलली. आपलं बोलणं कुणी ऐकू लागलं की खोलीला ते कळतं.

“बाबा, तुम्ही लई जुनं हाईसा. माझ्या आज्यानं तुमाला इचारलं न्हाय, बानं इचारलं न्हाय, मी बी इचारत न्हाय. पर पोरीला जागा न्हाय हो. मी लई फिरलोय ह्या खोलीसाठी. लई म्हणजे लई.” बोलता बोलता त्याला रडू फुटायला आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग. एवढी वर्षं कचेऱ्यांत गिळलेला सगळा राग. तोंडावर तो शब्द आला होता. जा. त्यानं दगडावरची अक्षरं आठवली आणि शब्द दातांत धरला. मग वाकून, कपाळापर्यंत हात नेऊन, पाहुण्याला वाटेला लावताना कोल्हापुरात जसं म्हणतात तसं, अगदी आदबीनं म्हणाला:

“बरं. या आता.”

आत काहीतरी उठलं. कट्ट झालं, पण नमाजेतलं नव्हे, उठतानाचं. दार आणखी थोडं उघडलं. बापूलालनं डोळे मिटले होते. त्याच्या अंगावरून धुळीचा आणि चुन्याचा वास गेला, तेवढंच.

डोळे उघडले तेव्हा खोली नुसती खोली होती. तो धडाधडा आत शिरला, पश्चिमेच्या भिंतीसमोर उभा राहिला, तिच्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली. पाय कुठंही जात होते. अंधार पडायच्या आत त्यानं उरलेल्या भिंती पांढऱ्या केल्या आणि शीळ घालत बोळातून बाहेर पडला.

बसलिंगाप्पा दुकानाच्या फळ्या लावत होता. “च्या घिऊन जावा की दोघं,” त्यानं हाक दिली.

गुंडू परत आलाय असं म्हाताऱ्याला वाटलं असणार. “उद्याला, तात्या. येतो,” म्हणून बापूलाल तसाच पुढं गेला.

७

गौसदाजींनी खोली बघितली. भिंतीला नखानं टोकरून चुना बघितला, कडी बघितली, खिडकीचे गज ओढून बघितले. “बरं हाय,” म्हणाले. गौसदाजींच्या तोंडून बरं हाय म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून माशाअल्ला. तबस्सुमनं जानमाज पश्चिमेच्या भिंतीसमोरच अंथरला. पुढं बापूलालनं दोनतीनदा सहज विचारल्यासारखं विचारलं, काही आवाज वगैरे? “काय न्हाय मामू,” ती म्हणाली, “लई शांत खोली हाय.” तपासणीचा साहेब आला, चारही दारांत डोकावला आणि गेला. जून उजाडला होता, चारही खोल्यांत मुली होत्या. बापूलालनं घरी येऊन बायकोला, जैतूनबीला, शेवयाची खीर करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी असरच्या वेळी तो घरात होता. आता मुसाफिरखान्यात थांबायचं कारण नव्हतं. पुढल्या खोलीत पढून त्यानं सलाम फिरवला, आणि अर्ध्या खोलीच्या पडद्यामागून कट्ट आवाज झाला.

घरात दुसरं कुणी नव्हतं. जैतूनबी पाण्याला गेली होती, इरशाद गॅरेजवर. कट्ट. आणि दुसऱ्या सलामाचं पुटपुटणं.

तेव्हा त्याला उमगलं. आपण काय म्हणालो होतो? जा म्हणालो नव्हतो. या म्हणालो होतो. आणि लफ्ज न लफ्ज पाळणाऱ्यानं ते लफ्ज न लफ्ज पाळलं होतं.

पहिला दिवस त्यानं डोकं धरून काढला. मग स्वतःची समजूत घातली. दोनच पढतो आहे ना? म्हणजे अजून मुसाफरच आहे, आज ना उद्या निघेल. त्यानं अर्ध्या खोलीत फडताळाखाली पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. जैतूनबीनं विचारलं, तर म्हणाला, “तहान लागती.” तांब्या रोज रिकामा व्हायचा. फौंड्रीत त्याचं लक्ष उडालं. एका पॅटर्नला माप चुकलं, सुपरवायझर बोलला. रोज तीनला सुटला की त्याला एकच घाई, असरला घरी पोचायची आणि मोजायची. कट्ट, कट्ट, सलाम. दोन ऐकले की त्याचा श्वास मोकळा व्हायचा. माणूस कशाकशावर समाधान मानायला शिकतो.

इरशादचं लग्न त्यातच झालं. हुपरीची सून आली, नाझनीन. चांदीच्या कारागिराची लेक, हसरी. तिनं अर्ध्या खोलीला नवा पडदा लावला. आठवड्याभरात ती एकदा म्हणाली, “अब्बा, तुम्ही दुपारचं माझ्या खोलीत पढता व्हय? पढा की, माझी काय हरकत न्हाय. मला नुसतं वाटलं, कुणीतरी असतंय.”

बापूलाल हो म्हणाला. आणखी काय म्हणणार?

८

लग्नाला आलेले गौसदाजी मुलीला भेटत, नातेवाईक गाठत चार दिवस रेंगाळले. लग्नानंतरच्या पहिल्या जुम्म्याच्या, शुक्रवारच्या, जेवणाला इरशाद आणि नाझनीन हुपरीला गेले होते, संध्याकाळच्या बसनं परतणार होते. दुपारी गौसदाजींनी अर्ध्या खोलीत ठेवलेली आपली पिशवी उचलली.

“येतो मग, बापू. येतो, वैनी.”

जैतूनबी पडद्याजवळच उभी होती. घरातून पाहुणा निघाला की कोल्हापूरची बाई जे म्हणते तेच ती मोठ्यानं, मनापासून म्हणाली: “एवढी काय घाई? ऱ्हावा की पंधरा दिस. घर आपलंच हाय.”

बापूलालचा हात वर गेला. तिचं तोंड दाबायला गेला की काय, त्यालाच कळलं नाही. तो अर्ध्यावरच थांबला. बोलून झालं होतं. गौसदाजी हसले, “शेतात भांगलणीला माणूस न्हाय,” म्हणाले आणि चपला घालून बोळ उतरून गेले. जैतूनबी त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली.

पंधरा दिवस. शब्द घरात तसाच राहिला.

असरची बांग झाली. बापूलालनं नमाज बांधली नाही. तो भिंतीला कान लावून बसला. वक्त बराच उरला होता, आपण नंतर पढू, आधी हे ऐकू दे.

कट्ट.

बाहेर बोळात पोरं गोट्या खेळत होती, कुणीतरी पंप मारत होतं.

कट्ट. आता सलाम. त्यानं ओठ घट्ट मिटले. आता पुटपुटणं ऐकू येईल, आज नाही तर उद्या जाईल, उद्या नाही तर परवा.

पुटपुटणं आलं नाही. पलीकडं कुणीतरी उठून उभं राहिलं. पढायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि तिसऱ्यांदा वाजलं. मग चौथ्यांदा.

एवढ्या वर्षांची कसर भरून निघाली होती.

तरी त्याची अक्कल अजून चालत होती, हे सांगायलाच हवं. त्याला पेशइमामाचं बोलणं आठवलं. मुकीम झाला की मुसाफरीची शर्त लागू नाही, मग सांगता येईल. आता जा म्हणता येईल. पोरं हुपरीहून यायच्या आत म्हणायलाच हवं. तो उठला. तीन पावलांचं अंतर भिंतीला धरधरून गेला आणि सुनेनं लावलेला नवा पडदा बाजूला केला.

पश्चिमेकडं तोंड करून कुणीतरी बसलं होतं. पाठ. पाठीवर चुन्याचे पांढरे शिंतोडे, त्यानं स्वतः उडवलेले. शेजारी रिकामा तांब्या. नमाज संपत आली होती, फक्त सलाम फिरवायचा राहिला होता. बापूलालनं तोंड उघडलं आणि तो एक अक्षराचा शब्द जिभेवर आणायला लागला.

मान हळूच उजवीकडं वळली. पुटपुटणं झालं. मग ती सरळ झाली.

बापूलाल उभा होता ते दार डावीकडं होतं.